उसना दंड

उसाचा रस आणि बाटलीतलं ते काळं फसफसणारं पाणी, या दोघांना ज्या कोणी एका पंगतीत बसवलं, त्याच्याशी माझं भांडण आहे. आधीही होतं, आणि आता जे सांगणार आहे ते सगळं घडून गेल्यावरही मिटलेलं नाही. तेवढं लक्षात ठेवूनच ऐका.

मी सुवर्णा खैरे. आम्ही मूळचे पुरंदरचे, पण धंदा इकडं, बार्शीच्या पुढं येडशी फाट्यावर. कानिफनाथ रसवंतीगृह. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. मुलगी एक, ईश्वरी. तिला नवव्या वर्षी शुगर निघाली. म्हातारपणात होते ती नव्हे, लहान मुलांना होते ती. शरीर इन्सुलिन बनवतच नाही, ते जन्मभर बाहेरून घ्यायचं. रसवालीच्या पोरीला शुगर! देवाला दुसरं घर सापडलं नाही का, असं तेव्हा मी भर दवाखान्यात ओरडले होते. घरात चरकभर गोड आणि पोरीला एक घोट द्यायची चोरी. त्या एका घोटावरून आमच्या मायलेकींच्या किती लढाया झाल्या असतील, विचारू नका.

मग गोडकर आला. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोणी गोडकर नावाचे नवे साहेब बदलून आलेत. तर तो कर निघाला, गोड पेयांवरचा. सुरुवातीला सगळ्यांना सारखाच होता. पुढं कोणाच्या तरी डोक्यातनं निघालं, की ज्याच्या अंगात साखर जास्त त्याला कर जास्त, ज्याची ठीक त्याला नावापुरता. हे जमलं ते चकतीमुळं.

चकती म्हणजे रुपयाएवढी एक टिकली, दंडावर चिकटवायची. आधीच्या चकत्यांना बारीक सुई असायची, हिला सुई नाही. ही घामातनं वाचते. रक्तात जेवढी साखर असते त्याचा अगदी बारीकसा हिस्सा घामात उतरतो. चकती तो हिस्सा मोजते, शंभर पटीनं वाढवते आणि रक्तातला आकडा म्हणून दाखवते. स्वस्त, शिवाय टोचत नाही, म्हणून सरकारनं घराघरांत फुकट वाटली. रस प्यायचा असेल तर चरकाशेजारच्या यंत्राला दंड लावायचा. आकडा बरा असेल तर कर चिल्लर. आकडा चढलेला असेल तर ग्लास दुप्पट भावाला. आणि फारच चढलेला असला, तर यंत्र चरकाचा ब्रेकच दाबतं. चाकाची घुंगरं वाजता वाजता गप्प होतात आणि गिऱ्हाईक चारचौघांत ओशाळं होतं. ‘दंड दाखवा, दंड भरा’ अशी चेष्टा फाट्यावर चालायची.

खोटं कशाला बोलू, त्या करानं बरं काहीच केलं नाही असं नाही. शाळेसमोरच्या टपऱ्यांवरनं ती काळी बाटली गेली. आणि त्या पैशातनं शुगरच्या सगळ्या पोरांना इन्सुलिन फुकट मिळायला लागलं, पंपासकट. पंप म्हणजे पोटाला चिकटवायची काडेपेटीएवढी डबी. ती चकतीचं ऐकते. आकडा चढला की टक् करून आपणच इन्सुलिन सोडते, उतरला की थांबते. ईश्वरीला तो पंप मिळाला आणि मी कितीतरी वर्षांनी रात्रभर झोपले. तिनं तर त्याच खात्यात नोकरी धरली. गोडकर निरीक्षक, ईश्वरी खैरे. धाराशिवला.

आणि माझं काय? माझं गिऱ्हाईक तुटलं. रस पिणारी माणसं म्हणजे चाळिशीच्या पुढची, पोट सुटलेली, निम्म्यांना शुगर. दुप्पट भाव ऐकला की लिंबू-पाणी मागायची. मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की यंत्राला दंड हवा असतो. रस पिणार कोण, ते त्याला कुठं कळतंय? माझी तब्येत खणखणीत, आकडा कायम नव्वदीच्या आसपास. गिऱ्हाइकाच्या ऐवजी मी माझा दंड लावायला लागले. आमच्या धंद्यात याला ‘उसना दंड’ म्हणतात. मी एकटीच नव्हते, सगळ्या रस्त्याला हेच चालू होतं.

त्या दिवशी दुपारी इनामदारकाका आले होते. बँकेतनं निवृत्त झालेले, रोज धाराशिवहून स्कूटरवर येणारे. शुगर असलेला माणूस एवढ्या लांब कशाला येतो ते आम्हा दोघांनाही ठाऊक. मी दंड लावला, घुंगरं वाजली, काकांनी ग्लास एका दमात रिकामा केला आणि मिशा पुसल्या. तेवढ्यात समोर खात्याची गाडी थांबली. आतनं ईश्वरी उतरली.

मला कोण आनंद झाला! ती येणार म्हणून मी सकाळी पिठलं-भाकरी करून आणली होती. म्हटलं, ये गं बाई, बस. तर ती समोर उभी राहिली, छातीवर खात्याचा कॅमेरा, आणि म्हणाली,

“सुवर्णा मारुती खैरे तुम्हीच का?”

“नाही, तुझी सासू,” मी म्हटलं.

ती हसली नाही. “नाव सांगा. रेकॉर्डिंग चालू आहे.”

मला आधी कळेचना. आईला ‘तुम्ही’? आमच्याकडं आईला तुम्ही म्हणायचं म्हणजे तिला दारात उभं करणं. मी कॅमेऱ्याकडं बघून नाव सांगितलं. मग तिनं हातातल्या खात्याच्या काचेच्या पाटीवरनं वाचून दाखवलं, की या चरकावर सुवर्णा खैरे नावाची बाई रोज शंभरच्या वर ग्लास रस पिते आणि तरी तिची साखर जागची हलत नाही. इनामदारकाका ग्लास ठेवून हळूच बाकावर सरकले.

“अगं, तुला माहीत आहे ना धंद्याचं काय झालंय ते?”

“मला जे माहीत आहे ते इथं चालत नाही. उसना दंड लावणं हा गुन्हा आहे. चरक सील करावा लागेल.”

तिनं नियमाप्रमाणे पातेल्यातला रस मोरीत ओतला, वर पाणी सोडलं. माझ्या डोळ्यांदेखत. मग चाकाला सील घालायला वाकली. चरकात एक कांडकं अर्धवट अडकलेलं होतं, ते ओढताना चिरडलं आणि चिळकांडी थेट तिच्या दंडावर उडाली. तिनं रुमालानं पुसली, सील लावलं. ते एकदा लागलं की कार्यालयातनंच उघडतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी नाही नाही ते बोलले. तुला शिकवलं ते याच चरकावर, म्हटलं. ऊस आणि ती बाटली तुझ्या खात्याला सारखीच दिसते का, म्हटलं. ती ऐकून घेत होती, फक्त मान जरा खाली. मग एकदम म्हणाली,

“तुम्ही जो कर बुडवलात ना, त्यातनंच माझं इन्सुलिन येतं.”

हे मला लागलं. इतकं लागलं की मी आणखीच मोठ्यानं बोलायला लागले. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. ऊन रणरणत होतं, आणि पिठलं-भाकरीचा डबा तसाच झाकलेला होता.

मग ती बदलली. आधी सावकाश, मुद्द्याला धरून बोलत होती. आता एकाच वाक्यावर अडायला लागली. हातातली पाटी तिनं जमिनीवर फेकून दिली. “बंद कर! बंद कर ही कटकट!” अशी किंचाळली. खात्याची माणसं अशी वागतात का, मी म्हटलं, चार लोकांत आईचा असा अपमान? ती माझ्याकडं बघत राहिली. मग ओठ वाकडे करून म्हणाली,

“तुमचं नाव काय?”

“परत? परत नाव विचारतेस?” मी म्हटलं. “आता कॅमेऱ्यात मावलं नाही का माझं नाव?”

“ए बाई,” ती म्हणाली. “कोण गं तू?”

मी तिच्या थोबाडीत मारली.

आयुष्यात पहिल्यांदा. आणि मारल्या मारल्या माझा हात जागीच थिजला, कारण तिचा गाल गार होता. एवढ्या उन्हात गार, ओला, घामानं थबथबलेला. ती चिडली नाही, रडली नाही, गालाला हातसुद्धा लावला नाही. नुसती बघत होती, आणि ते बघणं मी ओळखलं. नऊ-दहा वर्षांची असताना साखर उतरली, की ती अशीच बघायची. आधी चिडचिड करायची, चावायची, ओरबाडायची, आणि मग आपली माणसंच तिला ओळखू यायची नाहीत.

ती मला डिवचत नव्हती हो. तिला मी खरंच ओळखू येत नव्हते.

“काका!” मी ओरडले. “हिची साखर उतरली!”

ती बसली, मग कलंडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. काकांनी वाकून तिच्या दंडावरचा आकडा वाचला.

“अहो सुवर्णाबाई, उतरली कुठं? दोनशे सत्तर आहे! चढलीये!”

मी बघितलं. खरंच होतं. दोनशे सत्तर. माझ्या बघता बघता दोनशे शहात्तर झाला. आणि तिच्या पोटावरनं आवाज आला: टक्.

काकांनी आपत्कालीन क्रमांक लावला होता. त्याच्यावर आता माणूस नसतो, यंत्रच बोलतं, आणि त्याला चकती आपोआप जोडलेली असते. “रुग्णाची साखर वाढलेली आहे,” बाईच्या गोड आवाजात ते म्हणालं. “कोणताही गोड पदार्थ देऊ नका. पंप आवश्यक ती मात्रा देत आहे. रुग्णवाहिका निघाली आहे.”

“ऐकलंत ना?” काका म्हणाले. “शुगर आहे तिला. पाणी पाजा, वारा घाला. गोड अजिबात नको.”

शुगर आहे तिला. हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं होतं! शाळेतल्या बाईंना, लग्नातल्या आग्रह करणाऱ्या बायकांना, वाढदिवसाच्या पोरांना. शुगर आहे तिला, गोड देऊ नका. इतक्या वर्षांत ते माझ्या अंगात मुरलं होतं. आणि आता आकडा तेच सांगत होता, यंत्र तेच सांगत होतं, शहाणा माणूस तेच सांगत होता. एकटा माझा तळहात वेगळं सांगत होता. तो अजून तिच्या गार घामानं ओला होता.

टक्.

“दोनशे नव्वद,” काका म्हणाले.

मला काय करावं सुचेना. साखर खरंच चढली असेल आणि मी गोड दिलं, तर मीच तिला मारीन. उतरली असेल आणि मी वारा घालत बसले, तरी मीच तिला मारीन. पोरगी माझ्या मांडीवर थरथरत होती, दात वाजत होते. चढलेल्या साखरेनं कोणी असं कापतं का? मी तिला चढलेलीही बघितली आहे. तेव्हा ती पाणी पाणी करते, सुस्त पडते. तेव्हा मला कधी “कोण गं तू” म्हणाली नव्हती.

टक्.

मी तिचा सदरा वर केला आणि पंप ओढून काढला. डबीबरोबर चिकटपट्टी सोलून आली, कातडी लाल झाली.

“अहो, काय करताय!” काकांनी माझं मनगट धरलं. “ते औषध आहे तिचं!”

“काका, हात सोडा.”

“आकडा बघा! तीनशेच्या वर गेला! माराल पोरीला!”

“सोडा म्हणते ना!”

ते घाबरले, पण सोडलं. मी तिच्या पिशवीत हात घातला. पूर्वी तिच्या पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्या असायच्याच असायच्या. आता रुमाल, पाटीचा चार्जर, खात्याचे कागद. पंप आल्यापासून गोळ्या कोण बाळगतंय! दुकानात साखरेचा कण ठेवायला या कायद्यानं बंदी. पातेलं रिकामं, मोरी धुतलेली, काकांचा ग्लास कोरडा. चाक ओढून बघितलं, सील हललं नाही. तिनंच लावलेलं. पंधरा मोळ्या ऊस भिंतीला उभा होता आणि माझ्या पोरीला देण्यासारखा एक थेंब नव्हता.

मी एक कांडकं ओढलं, दातांनी सोललं आणि चावायला सुरुवात केली.

शुगरच्या मुलांच्या आयांना शिबिरात शिकवतात, की मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागतो, श्वासात जातं. मानेला जरा कुशीवर वळवायचं आणि गालाच्या आतनं, हिरड्यांना चोळायचं. मी चावत होते, रस ग्लासात थुंकत होते, बोट बुडवून तिच्या गालाच्या आत फिरवत होते. किळस वाटत असेल तर वाटू द्या. माझी एक दाढ कुठंतरी कचकन वाजली, तोंडात खारट लागलं. मी पुढचं कांडकं घेतलं.

“तीनशे वीस,” काका रडवेल्या आवाजात म्हणाले. “सुवर्णाबाई, थांबा हो. वाढतंय. तुम्ही देताय आणि वाढतंय.”

“रुग्णाची साखर धोकादायक पातळीवर आहे,” फोनमधली बाई म्हणाली. “गोड पदार्थ देऊ नका.”

“ए, तू गप गं!” मी फोनवर ओरडले.

पण माझे हात थांबले होते. खरंच थांबले होते. तीनशे वीस! एवढा मोठा आकडा तिच्या दंडावर मी कधीच बघितला नव्हता. समजा माझंच चुकत असेल. मी काही चौथी-पाचवीत शाळा सोडलेली नाही, दहावी झालेली आहे; आकड्याला किंमत असते हे मला कळतं. ही चकती राज्यभर चालते, आणि मी एका गालाच्या गारव्यावर सगळं लावत होते. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ओठ पांढरे पडले होते. मनात म्हटलं, ईशू, मला सांग गं. एकदा काहीतरी सांग.

तिनं सांगितलं काहीच नाही. मी पुन्हा बोट बुडवलं.

किती कांडकी झाली, मला माहीत नाही. जबडा बधिर झाला होता. काका आता आकडा वाचत नव्हते, ते दुसऱ्या बाजूला बसून कोयत्यानं ऊस सोलून माझ्या हातात देत होते. का द्यायला लागले, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही. मग तिनं गिळलं. स्वतःहून. मग जीभ फिरवली. मग भुवया आकसल्या, एक डोळा उघडला, आणि ती चिडक्या, बारीक आवाजात म्हणाली,

“आई, हात किती घाण आहेत तुझे.”

मी हंबरडाच फोडला. काकासुद्धा रडले. तिच्या दंडावर तेव्हा तीनशे चाळीस होते.

रुग्णवाहिकेतल्या मुलीनं आल्याबरोबर तिचं बोट स्पिरिटनं पुसून टोचलं, रक्ताचा थेंब घेतला. अठ्ठेचाळीस. एवढा ऊस पोटात गेल्यावर अठ्ठेचाळीस. आधी किती असेल याचा हिशेब तिनं मनातल्या मनात केला असावा, कारण ती माझ्याकडं नुसतं बघत राहिली आणि मग भराभर सलाईन लावायला लागली.

दुसऱ्या दिवशी बार्शीच्या दवाखान्यात ईश्वरी उशीला टेकून बसली आणि मला समजावायला लागली. लहान पोराला समजवावं तशी, मधेच वैतागत.

“चिळकांडी उडाली ना माझ्या दंडावर, ती मी पुसली. पण चकतीच्या कडेखाली थोडा रस गेला आणि वाळला. घामातली साखर किती कमी असते, आणि उसाच्या रसात किती! एकदम आत गेला असता तर चकतीला कळलं असतं, असा आकडा माणसाचा असूच शकत नाही म्हणून ती बंद पडली असती. तशी सोय आहे. पण हा हळूहळू विरघळला, जेवल्यावर साखर चढते तसा. म्हणून तिला खरा वाटला.”

“हळूहळू का विरघळला?”

“घामानं. साखर उतरली की अंग घाबरतं, गार घाम सुटतो. जितकी मी खाली, तितका घाम. जितका घाम, तितका वाळलेला रस सुटणार, तितका आकडा वर. आकडा वर गेला की पंप इन्सुलिन देणार. आणि इन्सुलिन दिलं की मी आणखी खाली.”

“म्हणजे एकातनं एक, गोल फिरत?”

“चरकच म्हण ना,” ती म्हणाली. हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

“पण मुळात उतरली का?”

“जेवायला तुझ्याकडं येणार होते ना. इन्सुलिन जेवणाआधी घ्यावं लागतं, ते मी गाडीतच घेतलं होतं. म्हटलं, आधी काम उरकू. पाचच मिनिटांचं काम. मग कॅमेरा बंद करू आणि बसू जेवायला.” तिनं चादरीचं टोक ओढलं. “दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर त्यानं थेट पोलीस केस केली असती. नोटिशीवर निभावावं म्हणून मी मागून घेतलं होतं तुझं दुकान.”

मी भांडत बसले होते. डबा झाकलेला, पोरगी उपाशी, आणि मी उसाची बाजू मांडत होते. माझं मन मला आजही खातं.

ती रजेवर घरी राहायला आली. चकती कशी फसली त्याचा तिनं दिलेला अहवाल खात्यानं मानला. चकत्यांना घट्ट झाकण आलं, आणि पंपानं एकट्या चकतीच्या भरवशावर मोठी मात्रा सोडायची नाही, आधी माणसाला विचारायचं, असा आदेश निघाला. तिला सुईवाली जुनी चकती परत लावली. सगळं नीट झालं होतं. मीच नीट नव्हते.

माझ्या डोक्यात एकच बसलं होतं: ती चिडली म्हणजे उतरली. भाजीला मीठ जास्त झालं म्हणाली, की मी तिच्या दंडाकडं बघायची. फोनवर कोणाशी आवाज चढला, की मी ग्लुकोजचा डबा घेऊन पाठीमागं उभी. रात्री झोपेत कण्हली की कपाळाला हात. ती आधी हसायची. मग गप्प बसायला लागली. पुढं पुढं तर इतकी गोड बोलायला लागली, की घरात पाहुणी आल्यासारखं वाटावं. मी पण जपून बोलायची. आम्ही दोघी, ज्यांचं भांडण चार घरं ऐकायची, एकमेकींशी दवाखान्यातल्यासारख्या कुजबुजत होतो. मला बरं वाटत होतं असं नाही. पण ती जिवंत होती, मला तेवढं पुरे होतं.

रजा संपायच्या आदल्या दिवशी आम्ही दुकानावर गेलो होतो. सील तसंच होतं. मी मोळ्या आवरत होते, तेव्हा ती मागनं म्हणाली,

“मंगळवारी सुनावणी आहे.”

“कसली?”

“तुझी. उसन्या दंडाची.”

मला हसूच आलं. “ते अजून चालू आहे? मला वाटलं तू फाडून टाकलंस.”

“का फाडीन? तू केलंस ना ते?”

“अगं, मी तुझा जीव वाचवला!”

“वाचवलास. म्हणून कर माफ होतो का?”

“होतो! आईला होतो!”

“आई सगळ्यांनाच आहे,” ती म्हणाली. “मग भरायचा कोणी?”

तिचा आवाज चढला होता. नाकपुड्या फुलल्या होत्या. माझे डोळे आपोआप तिच्या दंडाकडं गेले आणि हात डब्याकडं.

“तू सकाळी नीट खाल्लंस ना गं?” मी हळूच विचारलं.

“बघ!” ती किंचाळली. “बघ, परत! मी काही बोलले की तुझं लक्ष तिकडं! मला राग येऊच नये का? मी जन्मभर गोडच बोलू का तुझ्याशी?” तिनं दुसऱ्या हाताचा पंजा चकतीवर दाबून धरला. “आता बघ. नाही दिसत आकडा. मला राग आलाय, आई. माझा, मला, तुझ्यावर. भांडायचं असेल तर भांड, नाहीतर मी निघाले.”

डबा माझ्या हातात होता. तो मी पुढं केला असता, तर तिनं घेतलाही असता. एक गोळी तोंडात टाकली असती, ‘बरं वाटलं’ म्हणाली असती आणि धाराशिवला निघून गेली असती. आणि मग मला पुन्हा कधी काही खरं बोलली नसती. नाही दिला, आणि माझा अंदाज चुकला तर? मागच्या वेळी मी तिचा राग तिचाच समजले होते, आणि ती मरता मरता वाचली होती. मी तिच्याकडं बघितलं. पंजा दंडावर घट्ट, डोळे माझ्यावर रोखलेले.

मी डबा खाली ठेवला. पदर खोचला.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “मग ऐक. कृतघ्न मेली आहेस तू. तुझ्यासाठी मी दाढ मोडून घेतली आणि तू मला साहेबापुढं उभं करतेस? मंगळवारी येते मी. येते आणि तुझ्या त्या साहेबाला विचारते, ऊस कधी चाखलाय का म्हणून!”

“विचार! आणि काकांच्या शुगरचं काय झालं तेही सांग! रोज ग्लासभर पाजत होतीस त्यांना! त्यांच्या पायाला जखम आहे, माहीत आहे तुला?”

“मोठे आहेत ते! त्यांचं त्यांना कळतं!”

“तुला कळायला नको?”

पलीकडच्या टपरीवरची माणसं उठून बघायला आली. मी तिला गेल्या महिन्याभराचं सगळं सुनावलं, तिनं मला तिच्या नवव्या वर्षापासूनचं सुनावलं. काही खोटं नव्हतं त्यात. बोलता बोलता माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, थांबेचना. मी खाली बसले, तर ती पंजा न काढता माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि ओरडली,

“आता रडू नकोस! माझं अजून संपलेलं नाही!”